कमरेच्या खाली, मांडीच्या वर

प्रस्तावना

दवाखान्यात "कुठं दुखतं?" असं विचारलं, की तीन बायका तीन ठिकाणी हात ठेवतात आणि तिघी एकच शब्द उच्चारतात : "कंबर." पहिलीचा तळहात पाठीच्या तळाशी, माकडहाडाच्या बराच वर टेकतो. दुसरी हात मागे नेऊन कुल्ल्याच्या मधोमध दाबते आणि तिथून मांडीमागून पोटरीपर्यंत बोट ओढून दाखवते. तिसरी अंगठा मागे आणि बोटं पुढे अशी बाजूला पकड घालते; बोटांची टोकं जांघेत रुततात. पहिलीचं दुखणं बहुधा मणक्याच्या खालच्या भागाचं. दुसरीच्या मणक्यातून निघणाऱ्या मज्जातंतूवर दाब आहे का, ते पाहावं लागतं. तिसरीचा हात मात्र खऱ्या खुब्यावर आहे. खुब्याचा सांधा जांघेच्या घडीमागे खोल बसलेला असतो, म्हणून तो बिघडला की बहुतेक वेळा जांघेत दुखतं. दुखणी तीन, उपचार तीन आणि शब्द एक.

शरीररचनाशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. या पुस्तकाचं मूळ त्या एका शब्दात आहे.

मराठीत या भागाला शब्द नाहीत असं मुळीच नाही. खुबा, कुल्ला, जांघ, बूड, बैठक, कड, माकडहाड असे नेमके, जुने, घरातले शब्द आपल्याकडे आहेत. पण चारचौघांत, त्यातून परक्या डॉक्टरांसमोर, "कुल्ला दुखतो" म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून आजी "कंबर" म्हणते, नर्सिंगची मुलगी "हिप" म्हणते, व्यायामशाळेतला मुलगा "ग्लूट्स" म्हणतो आणि प्रत्येकाच्या मनातली जागा वेगळी असते. रोग्याला जागा सांगता आली नाही, की तपासणारा भलत्याच ठिकाणी शोधत बसतो. संकोचाची किंमत अशी दुखण्यात मोजावी लागते. म्हणून या पुस्तकात मी हे सगळे शब्द सरळ वापरले आहेत. ज्यांना ते कानाला खटकतील त्यांनी पहिली वीस पानं धीर धरावा. पुढे ते खटकणार नाहीत, कारण तोवर त्या शब्दांमागचं हाड, स्नायू आणि रक्तवाहिनी डोळ्यांसमोर आलेली असेल.

हा भाग शिकण्याची सुरुवात स्वतःच्या अंगावरून करावी. दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे राहा. तळहाताखाली जी हाडाची कड लागते ती श्रोणीची, म्हणजे ओटीपोटाला आधार देणाऱ्या हाडांच्या कड्याची, वरची धार. दोन्ही बाजूंच्या धारांचे सर्वांत उंच बिंदू पाठीवर एका रेषेनं जोडले, तर ती रेषा कमरेच्या चौथ्या मणक्याच्या आसपास जाते. पाठीत सुई घालून भूल देताना भूलतज्ज्ञ आधी याच रेषेचा अंदाज घेतात. आता धारेवरून बोट मागे न्या. पाठीच्या तळाशी दोन्ही बाजूंना ज्या खळ्या दिसतात, त्यांच्याखाली हाडाचं मागचं टोक असतं. तिथून हात बाजूला आणून तळव्याएवढं खाली उतरलात, की मांडीच्या वरच्या टोकाशी एक टणक उंचवटा लागतो. हा मांडीच्या हाडाचा मोठा उंचवटा. कुशीवर झोपल्यावर गादीला टेकतो तो हाच, आणि बोलीत पुष्कळ लोक यालाच खुबा म्हणतात. खरा सांधा याच्या आत, काही सेंटिमीटर खोल असतो.

आता खुर्चीवर बसा आणि दोन्ही तळहात बुडाखाली सरकवा. हाताला दोन टोकदार हाडं बोचतील. ही बैठकीची हाडं. उभं असताना ती कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूखाली झाकलेली असतात. आपण खाली बसतो तेव्हा तो स्नायू वर सरकतो आणि हाड, त्यावरची चरबी आणि कातडी एवढ्यावरच शरीर टेकतं. "बसायला मऊ मांस दिलंय देवानं" ही समजूत म्हणून पुरती खरी नाही. तासन्‌तास एका जागी बसून काम करणाऱ्यांच्या या हाडांवरची द्रवाची पिशवी सुजते. इंग्रजीत या दुखण्याला विणकरांचंच नाव मिळालं, कारण मागावर कठीण फळीवर बसून काम करणाऱ्यांना ते होत असे. आज ते दिवसभर गाडी चालवणाऱ्यांना आणि अंथरुणाला खिळलेल्या कृश रोग्यांना खुर्चीत बसवून ठेवल्यावर होतं.

सांध्याकडे येऊ. शाळेच्या पुस्तकात आपण याला उखळीचा सांधा म्हणतो. या उपमेचं वय फार मोठं आहे. सुश्रुतसंहितेत सांध्यांचे आठ प्रकार दिले आहेत आणि त्यांतल्या 'उलूखल' प्रकारात काख, वंक्षण आणि दात यांची गणना आहे. वंक्षण म्हणजे जांघ. ज्या घरात रोज उखळात मुसळ चालत होतं, त्या घरातल्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागलं नसेल. रोमन लोकांना तीच खोबण व्हिनेगर ठेवायच्या वाटीसारखी दिसली आणि तिचं लॅटिन नाव, ॲसिटॅब्युलम, त्या वाटीवरून पडलं. दोन्ही उपमा स्वयंपाकघरातल्या आहेत. मला त्यांत उखळ जास्त जवळची वाटते, कारण वाटी नुसती धरून ठेवते, उखळ भार सोसते.

ही उखळ एकसंध जन्माला येत नाही. तीन हाडं तिच्या तळाशी येऊन मिळतात आणि त्यांच्यामध्ये इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची कूर्चा असते. वयात येताना ती कूर्चा हाडात बदलते आणि तिन्ही हाडं एक होतात. उखळीच्या काठाला कूर्चेचीच एक कडी असते. तिच्यामुळे खोबण आणखी खोल होते आणि मांडीच्या हाडाचा गोळा आत धरून ठेवला जातो. सांध्याभोवतीचं आवरण जाड अस्थिबंधांनी बळकट केलेलं आहे. त्यांतला समोरचा अस्थिबंध शरीरातल्या सर्वांत मजबूत अस्थिबंधांत गणला जातो. अमेरिकन शल्यविशारद हेन्री जेकब बिगेलो यांनी १८६९ साली खुबा निखळण्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यात या उलट्या वायसारख्या पट्ट्याचं महत्त्व दाखवलं. आपण सरळ उभे राहतो तेव्हा हा पट्टा ताणला जातो आणि धड मागे कलंडू देत नाही. रांगेत तासभर उभं राहूनही पुढचे स्नायू थकून जात नाहीत, त्यामागे याचा वाटा मोठा आहे.

खांदासुद्धा याच जातीचा सांधा, पण त्याची खोबण बशीइतकी उथळ. खांद्यानं फिरण्याचं स्वातंत्र्य घेतलं आणि स्थैर्य सोडलं. खुब्याला अख्खं शरीर पेलायचं असल्यानं त्यानं स्थैर्य घेतलं.

तान्ह्या बाळात मात्र ही उखळ अजून उथळ आणि बरीचशी कूर्चेची असते. गोळा तिच्यात नीट बसलेला राहिला, तरच ती गोळ्याभोवती खोल होत जाते. बाळाचे पाय सरळ ओढून, गुडघे जोडून दुपट्यात घट्ट आवळले, तर गोळा बाहेर सरकण्याचा धोका वाढतो. पाय बेडकासारखे फाकलेले आणि खुब्यात वाकलेले असले, तर गोळा उखळीच्या मध्यावर येतो. बाळाला कडेवर घेतलं की ते नेमकं असंच बसतं. 'कडेवर घेणं' या शब्दातली कड म्हणजे आपण नुकतीच चाचपलेली हाडाची धार. आई त्या धारेवर बाळाला बसवते आणि बाळाचे दोन्ही खुबे आपोआप योग्य कोनात राहतात. जगभर बालरोगतज्ज्ञ आज पालकांना जी स्थिती शिकवतात, ती आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. बाळाला गुंडाळायला हरकत नाही, फक्त कमरेखाली दुपटं सैल ठेवावं. इटलीचे मारिनो ओर्तोलानी यांनी १९३७ साली आणि इंग्लंडचे थॉमस बार्लो यांनी १९६२ साली वर्णन केलेल्या तपासण्यांनी सुटलेला खुबा जन्मानंतर लगेच हाताला ओळखता येतो. वेळेत ओळखला, तर बहुतेक बाळांचं काम पट्ट्यांवर भागतं. चालायला लागल्यावर लक्षात आला, तर शस्त्रक्रियेखेरीज फारसा मार्ग राहत नाही.

गोळ्याच्या खाली मांडीच्या हाडाची मान असते. ती हाडाच्या दांड्याशी साधारण १२५ ते १३० अंशांचा कोन करते. हाड उभं चिरून पाहिलं, तर आत जाळीसारखे बारीक हाडाचे तंतू कमानींमध्ये रचलेले दिसतात. १८६०च्या दशकात झुरिकमध्ये शरीररचनाकार फॉन मायर यांनी अशी चीर दाखवली, तेव्हा अभियंते कार्ल कुलमान यांना त्या रेषा ओळखीच्या वाटल्या. वाकड्या मानेच्या यारीवर भार दिल्यावर ताण आणि दाब ज्या वाटांनी जातात, त्या वाटांशी हाडाच्या आतल्या कमानी जुळत होत्या. हाड भार पाहून स्वतःला घडवतं, हा विचार पुढे १८९२ साली युलियस वोल्फ यांनी मांडला आणि आजही तो ऑर्थोपेडिक्सच्या पायाशी आहे.

याच मानेत म्हातारपणचं मोठं संकट लपलेलं आहे. गोळ्याला जाणारं बहुतेक रक्त मानेच्या तळापासून, मानेला चिकटून वर चढणाऱ्या बारीक धमन्यांतून येतं. घाटात दरड कोसळली की वरच्या गावाचा पुरवठा थांबावा, तसं मान मोडली की गोळ्याचं होतं. उखळीच्या बाजूनं येणारी एक छोटी धमनी असते, पण मोठ्या माणसात तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. न्हाणीघरात पाय घसरून पडलेल्या आजींचा एक पाय आखूड दिसला आणि पाऊल बाहेर वळलेलं दिसलं, तर घरच्यांनी त्यांना उभं करून पाहू नये. मालीश करून पाहू नये. तसंच उचलून रुग्णालयात न्यावं, कारण गोळ्याचा जीव त्या अरुंद वाटेवर अवलंबून असतो.

रक्त अडण्याची दुसरी कारणं पडण्याशी संबंधित नाहीत. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रोगी मोठ्या संख्येनं आहेत. विळ्याच्या आकाराच्या लाल पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात आणि ऐन तारुण्यात गोळ्याचं हाड मरतं. जास्त मात्रेत, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड आणि दारू यांनीही हेच घडतं. या रोग्यांची पहिली तक्रार असते जांघेतली कळ. पण त्यांना सांगितलं जातं, "कंबर भरली असेल."

याच संदर्भात माझ्या घरातली गोष्ट सांगते. माझा भाचा सहा वर्षांचा असताना गुडघा दुखतो म्हणू लागला. एका रुग्णालयात गुडघ्याचा एक्स-रे काढला, तो चांगला आला. महिन्यानं पुन्हा काढला, तोही चांगला. "वाढीचं दुखणं आहे" असं सांगून गोळ्या दिल्या. तो लंगडत राहिला. सुटीत माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला उताणा झोपवून गुडघ्यात वाकवलेला पाय आत-बाहेर फिरवून पाहिला. गुडघा मोकळा होता, खुबा आत वळत नव्हता. खुब्याच्या एक्स-रेत गोळा चपटा झालेला दिसला. हा पर्थेसचा आजार. १९१० मध्ये अमेरिका, फ्रान्स आणि जर्मनीतल्या तीन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तो वर्णन केला. त्या मुलानं खोटं सांगितलं नव्हतं. खुब्याला आणि गुडघ्याला संवेदना पुरवणारे मज्जातंतू काही अंशी एकच असतात, म्हणून खुब्याची कळ मेंदूला गुडघ्याची वाटते. लहान मुलाचा गुडघा दुखत असेल तर खुबा तपासल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये, हे वाक्य मी या पुस्तकात तीनदा लिहिलं आहे. संपादकांनी दोनदा खोडायला सांगितलं, मी ते ठेवलं.

आता स्नायूंकडे वळू. विच्छेदनगृहात हा भाग काढण्याचा दिवस विद्यार्थ्यांच्या लक्षात राहतो. देह पालथा ठेवलेला असतो. कातडी आणि चरबीचा जाड थर बाजूला केला की ग्लुटियस मॅक्सिमस दिसतो. हा शरीरातला सर्वांत मोठा स्नायू. त्याचे धागे इतर स्नायूंसारखे मऊ, बारीक नसतात, काथ्याच्या दोरांसारखे जाड आणि भरड असतात आणि तिरके खाली, बाहेरच्या बाजूला उतरतात. विद्यार्थी त्याखाली बोट घालून त्याला हळूहळू सुटा करतात, चिरतात आणि पुस्तकाचं पान उलटावं तसा बाजूला उलटतात. त्या पानाखाली सगळा मजकूर असतो : पिरिफॉर्मिस नावाचा आडवा स्नायू, त्याच्या वरून आणि खालून बाहेर पडणाऱ्या धमन्या, मज्जातंतू. पिरिफॉर्मिस ओळखला की बाकी सगळ्यांचा पत्ता लागतो. चौकात उभं राहून गल्ल्या शोधाव्यात, तसा या भागात मी विद्यार्थ्यांना आधी पिरिफॉर्मिस शोधायला लावते.

एवढा मोठा ग्लुटियस मॅक्सिमस सपाट रस्त्यावर हळू चालताना जवळजवळ गप्प असतो. पायऱ्या चढताना, खालून उठताना, धावताना तो कामाला लागतो. जिना चढताना कुल्ल्यावर हात ठेवून पाहा, प्रत्येक पायरीला तो घट्ट होईल. पाटावरून हात न टेकता उठू शकणारी आजी आणि न उठू शकणारी आजी यांच्यातला फरक पुष्कळदा या स्नायूच्या ताकदीत असतो.

चालताना खरं काम त्याच्या वरच्या, बाजूच्या दोन लहान भावंडांचं : ग्लुटियस मीडियस आणि मिनिमस. आपण चालतो म्हणजे प्रत्येक पावलाला थोडा वेळ एका पायावर उभे असतो. तेवढ्यात उचललेल्या पायाच्या बाजूला श्रोणी खाली पडायला हवी, पण पडत नाही, कारण टेकलेल्या बाजूचे हे स्नायू तिला ओढून धरतात. हे कसब मानववंशाचं आहे. चिंपांझीच्या श्रोणीचं पातं उंच आणि मागे वळलेलं असतं, माणसात ते आखूड होऊन बाजूला वळलं. इथिओपियात १९७४ साली सापडलेल्या, सुमारे ३२ लाख वर्षं जुन्या 'ल्युसी' या पूर्वमानवी मादीच्या सांगाड्यात श्रोणीचं हे बाजूला वळणं स्पष्ट दिसतं. तिचा मेंदू लहानच होता, पण ती दोन पायांवर चालत होती.

या स्नायूंचा हिशोब मी फळ्यावर मांडून दाखवते. ६० किलोचा माणूस एका पायावर उभा आहे. टेकलेला पाय वगळला, तर खुब्यावर सुमारे ५० किलो भार आहे आणि तो सांध्याच्या मध्यापासून साधारण १० सेंटिमीटर आतल्या बाजूला आहे. त्याला तोलणारा स्नायू सांध्याच्या बाहेर साधारण ५ सेंटिमीटरवरून ओढतो. तरफेच्या नियमानं निम्म्या अंतरावर दुप्पट जोर लागणार, म्हणजे १०० किलो. भार ५० आणि ओढ १००, सांध्यावर एकूण १५० किलो. म्हणजे वजनाच्या अडीच पट, तेही नुसतं उभं राहताना.

आता काठीचं पाहू. उजवा खुबा दुखत असेल तर काठी कोणत्या हातात? बहुतेक घरांत उत्तर मिळतं : उजव्या. आजींना शेजारीपाजारीही सांगतात, "दुखतं त्या बाजूला धरा." हिशोब उलटं सांगतो. डाव्या हातातली काठी उजव्या खुब्यापासून सुमारे ५० सेंटिमीटर लांब असते. तिच्यावर अवघे ५ किलो टाकले, तरी स्नायूचं काम निम्म्यावर येतं, म्हणजे १०० चं ५०. सांध्यावर १५० ऐवजी सुमारे ९५ किलो राहतात. एका हातातून दुसऱ्या हातात काठी बदलण्याचा हा गुण आहे. विद्यार्थी हे गणित विसरले तरी चालेल, पण त्यांनी काठीचा हात विसरू नये.

हे स्नायू दुबळे झाले, तर त्या पायावर उभं राहिल्यावर दुसऱ्या बाजूची श्रोणी खाली घसरते. जर्मन शल्यविशारद फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ साली ही खूण दाखवली आणि ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. रोग्याला एका पायावर उभं करायचं आणि मागून पाहायचं. एवढ्या सोप्या, फुकटच्या तपासणीला मी दुसरी जोड पाहिलेली नाही.

पिरिफॉर्मिसच्या खालून सायटिक मज्जातंतू बाहेर पडतो. तो शरीरातला सर्वांत जाड मज्जातंतू आहे, सुरुवातीला जवळजवळ २ सेंटिमीटर रुंद. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो मज्जातंतू वाटतच नाही, एखादा पट्टा वाटतो. बैठकीचं हाड आणि मांडीचा मोठा उंचवटा यांच्या मधून तो खाली मांडीत उतरतो. काही माणसांत त्याचा एक भाग पिरिफॉर्मिसच्या आतून जातो, म्हणून नकाशा पाठ असला तरी प्रत्येक देह नव्यानं पाहावा लागतो. या नसेला धक्का लागला तर पाऊल उचलता येत नाही, चालताना पंजा जमिनीला घासतो.

आणि हा धक्का पुष्कळदा आपणच दिलेला असतो. कुल्ल्यात इंजेक्शन देण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. तापानं फणफणलेल्या लहान मुलाला आतल्या किंवा खालच्या बाजूला सुई टोचली गेली आणि दुसऱ्या दिवशी पाऊल लोंबू लागलं, अशी मुलं मी पाहिली आहेत. नियम साधा आहे. कुल्ल्याचे मनातल्या मनात चार भाग करा, सुई वरच्या आणि बाहेरच्या भागातच जाईल. त्याहून सुरक्षित जागा बाजूची. तळहात मोठ्या उंचवट्यावर, तर्जनी श्रोणीच्या पुढच्या टोकाकडे, मधलं बोट धारेवरून मागे पसरलेलं. दोन बोटांच्या मधल्या त्रिकोणात सुई. तान्ह्या बाळाच्या कुल्ल्यात सुई देऊच नये. लसीकरणात ती मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात, त्याचं कारण हेच. गावोगावच्या परिचारिकांनी हे प्रकरण आधी वाचावं अशी माझी इच्छा आहे, म्हणून ते पुस्तकाच्या मध्यात न ठेवता दुसऱ्या क्रमांकावर आणलं आहे.

शेवटची दोन प्रकरणं खुब्याच्या वापराविषयी आहेत. सपाट रस्त्यावर चालायला खुबा पुढे-मागे मिळून साधारण ४० अंश हलला तरी पुरतो. उकिडवं बसायला मात्र तो १२० अंशांच्या आसपास वाकावा लागतो, आणि मांडी घालून बसताना वाकण्याबरोबरच बाजूला फाकून बाहेर वळावा लागतो. पंगत, पूजा, विळीवर भाजी चिरणं, शेतातली खुरपणी, गाण्याची बैठक या सगळ्यांत आपण खुब्याला त्याच्या टोकापर्यंत नेतो. म्हणूनच आपल्याकडे खुब्याचा आजार पहिल्यांदा चालताना कळत नाही, पाटावर बसताना कळतो. "मांडी पडत नाही" ही तक्रार डॉक्टरांनी फार गंभीरपणे ऐकावी.

कृत्रिम खुब्याची गोष्ट मी तपशिलात लिहिली आहे. इंग्लंडमधल्या राइटिंग्टन इथं जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉनची उखळ वापरली. ती झिजली, शेकडो रोग्यांना त्रास झाला. चार्नलींनी टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत घालून शरीर त्यावर काय करतं ते पाहिलं. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांनी पॉलिथिलीनची उखळ आणि धातूचा २२ मिलिमीटरचा लहान गोळा वापरायला सुरुवात केली आणि आजच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला गेला. या शस्त्रक्रियेनं वेदना जाते, चालणं परत येतं. पण अनेक रोग्यांना सांगावं लागतं की खाली बसू नका, गुडघा खुब्याच्या वर जाऊ देऊ नका, भारतीय पद्धतीचा संडास टाळा. खुर्चीत वाढलेल्या माणसाला ही सूचना किरकोळ वाटते. आयुष्यभर जमिनीवर बसलेल्या माणसाचं मात्र अर्धं घर तिनं बदलतं. ती सूचना देताना हे मनात असावं.

पुस्तकातल्या चित्रांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. १८५८ साली लंडनमध्ये हेन्री ग्रे यांचं शरीररचनेचं प्रसिद्ध पुस्तक निघालं. त्याची चित्रं हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी काढली होती. त्याच वर्षी ते मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले, आणि पुढे साताऱ्यातही त्यांनी काम केलं. त्यांच्या चित्रांची एक खुबी अशी की प्रत्येक स्नायूचं, धमनीचं नाव त्या त्या अवयवावरच लिहिलेलं असे. आकडे टाकून खाली यादी देण्याची पद्धत त्यांनी टाळली. नाव आणि जागा एका नजरेत दिसली की ती एकत्र लक्षात राहते. आमच्या चित्रांत मी तीच रीत धरली आहे आणि मराठी नाव आधी, शास्त्रीय नाव त्याखाली छापलं आहे.

हे पुस्तक नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांसाठी, आशा कार्यकर्त्यांसाठी आणि घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असलेल्या कोणत्याही वाचकासाठी आहे. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला स्वतःच्या अंगावर करून पाहायची एक कृती आहे. ती केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ज्यांच्यामुळे हे सगळं शिकता आलं, त्यांचे आभार शेवटी मानते. मी शिकत होते तेव्हा विच्छेदनासाठी बहुतेक बेवारस देह येत. आता माणसं जिवंतपणी फॉर्म भरून देहदान करतात. काही वर्षांपूर्वी एका वृद्ध बाईंचा देह आला. मुलानं सह्या करताना सांगितलं, "आई कमरेनं अधू होती. वीस वर्षं कमरेचा पट्टा बांधत होती." विद्यार्थ्यांनी मणके पाहिले, ते वयाच्या मानानं चांगले होते. मग त्यांनी डावा खुबा उघडला. गोळ्यावरची कूर्चा वरच्या बाजूनं पूर्ण झिजलेली होती आणि उघडं हाड हस्तिदंतासारखं चकचकीत घासलं गेलं होतं. बाजूचा ग्लुटियस मीडियस पातळ, फिकट झाला होता. टेबलाभोवती कुणी काही बोललं नाही. मग एका विद्यार्थिनीनं त्यांच्या जांघेवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "मॅडम, यांना इथं दुखत होतं."

ही जागा त्या बाईंच्या हयातीत कुणाला तरी दाखवता आली असती. हे पुस्तक त्यांना अर्पण.